पन्नास किलोमीटर आणि आईचा शेंगालाडू

आज पहाटे सायकलनं बेळगावहून खानापूरला जाऊन आलो, पन्नासेक किलोमीटर. परतताना देसूरजवळ पाय एकदम गळाले. खिशातला दीडशे रुपयांचा प्रोटीन बार खाल्ला. पाय तसेच, वर पोट जड!

तास-दीड तास जोरात पेडल मारलं की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, संपत येतं. तेव्हा शरीराला हवी असतात कर्बोदकं, तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम. प्रोटीनमधून ती ताकद लगेच मिळत नाही. कसाबसा पिरनवाडीला पोचलो, दोन केळी घेतली. "सावकाश खा की रे बाळा," म्हणत गाड्यावरच्या मावशींनी पाणीही दिलं. थोड्या वेळात पाय चालायला लागले.

प्रोटीन नकोच असं नाही. झिजलेले स्नायू भरून यायला ते लागतंच. नियमित सायकल चालवणाऱ्याला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम तरी हवं, पण ते दिवसभराच्या जेवणातून मिळतं. आमटी, उसळ, अंडी, दही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतच २५ ग्रॅम असतं, आणि शेंगा तर आपल्या भागात घरोघरी! घरी आल्यावर आईनं शेंगालाडू हातात ठेवला. गूळ आणि शेंगदाणे, दोन्ही गरजा एकाच घासात.

ग्रुपमधली कॉलेजची पोरं खर्चाचे पैसे वाचवून बार घेतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरांनो, पुढच्या रविवारी जांबोटीला जाऊया. लाडू मी आणतो, केळी तुम्ही आणा.