उझबेकिस्तान बघायचं तर खिवापासून

उझबेकिस्तानच्या बहुतेक ग्रुप टूर ताश्कंद, समरकंद, बुखारा अशा क्रमाने जातात आणि खिवा ‘वेळ उरला तर’ म्हणून शेपटाला लावतात. आम्ही हा क्रम उलटा करून घेतला. ताश्कंदला उतरून, झोप काढून, दुसऱ्या दिवशी देशांतर्गत विमानाने उर्गेंच. तिथून ३५ किलोमीटरवर खिवा. मग जमिनीवरून पूर्वेकडे बुखारा, समरकंद आणि परत ताश्कंद. एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही, हा एक फायदा. दुसरा फायदा डोळ्यांचा. समरकंदचे निळे घुमट आधी पाहिले की खिवा बुटकं वाटतं. आधी खिवा पाहिलं, तर माती, लाकूड, वीट, भिंतींवरची चकाकणारी कौलं अशा पायऱ्यांनी नजर तयार होत जाते.

निघण्यापूर्वीचं थोडक्यात. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो: एकदा प्रवेशाचा, ३० दिवसांचा, २० डॉलर शुल्क. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच हवं. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला की घोडं अडतं. दिल्लीहून थेट विमान साधारण तीन तासांचं, पण पाकिस्तानची हवाई हद्द बंद असली की मार्ग लांबतो आणि काही उड्डाणं थांबतातही. म्हणून परतीच्या दिवशीच पुढचं मुंबईचं विमान चिकटून घेऊ नये. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. २५ जूनपासून पुढचे चाळीस दिवस तिथे ‘चिल्ला’ म्हणून ओळखले जातात, तेव्हा बुखारा-खिवा अक्षरशः भाजून निघतं. औषधांबाबत नियम कडक आहेत: कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत डॉक्टरची चिठ्ठी हवीच, आणि शक्यतो त्या नेऊच नयेत. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या घ्या. एका डॉलरला १२,००० च्या आसपास सोम मिळतात. पहिल्या दिवशी पाकीट फुगतं आणि शून्यं मोजण्यात गोंधळ होतो. स्वच्छतागृहांसाठी सुट्टे सोम वेगळ्या खिशात ठेवावेत.

खिवाच्या जुन्या भागाला इचान कला म्हणतात. भोवती सव्वादोन किलोमीटरची कच्च्या विटांची तटबंदी. बस पश्चिम दरवाजाबाहेरच थांबते. आत हॉटेल असेल तर फरशांवरून बॅग ओढत न्यावी लागते, तेव्हा लहान चाकांच्या मोठ्या बॅगा त्रास देतात. एका रात्रीपुरतं सामान पाठीवरच्या पिशवीत काढून बाकीचं बसमध्ये ठेवावं. मुक्काम मात्र आतच हवा. दिवसा आलेली गर्दी संध्याकाळी ओसरते आणि मग शहर आपलं होतं.

दरवाजातून आत शिरताच दिसतो तो कल्ता मिनार: २९ मीटरवर थांबलेला, बुंध्याशी १४ मीटरहून जाड. खिवाचा राजा मुहम्मद अमीन खान याने तो १८५१ च्या सुमारास सुरू केला आणि १८५५ मध्ये तो लढाईत मारला गेल्यावर काम थांबलं, ते कायमचं. वरून बुखारा दिसावं म्हणून बांधत होते, वास्तुविशारदाने पळ काढला, अशा कथा गाइड रंगवून सांगतो. ऐकाव्यात, पण त्या नादात जुम्मा मशिदीचा वेळ जाऊ देऊ नये. तिचं आत्ताचं रूप १८ व्या शतकाअखेरचं, पण छत तोलणाऱ्या २१३ लाकडी खांबांपैकी काही हजार वर्षांच्या घरातले आहेत, जुन्या इमारतींतून आणून इथे उभे केलेले. त्यामुळे दोन खांब सारखे सापडत नाहीत. नव्या खांबांचं कोरीव काम धारदार, उथळ आणि नेमकं. जुन्यांची नक्षी खोल आणि बोटं फिरून गुळगुळीत झालेली. छताला दोनच झरोके आहेत, म्हणून दुपारी ऊन सरळ खाली येतं तेव्हा जावं. इस्लाम खोजा मिनार १९१० चा. वर जायला ११८ पायऱ्या आहेत, पण उंच, अंधाऱ्या आणि अरुंद. गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहावा.

खाण्यात शिवित ओशी मागवावी. शेपूच्या रसात मळलेल्या हिरव्या शेवया, वर बटाटा-गाजर-मांसाचा रस्सा, बाजूला दही. शाकाहाऱ्यांना रस्सा वगळून दह्याबरोबर मिळते.

खिवा ते बुखारा साडेचारशे किलोमीटर, किझिलकुम वाळवंटातून. बसने सात-आठ तास धरावेत. स्वच्छतागृहं विरळ आणि वाईट, जेवणाची ठिकाणं त्याहून विरळ. सकाळी निघताना नान, फळं आणि पाणी बरोबर घ्यावं. रेल्वे सहा तासांच्या आसपास घेते आणि पाठीला बरी पडते. बुखाऱ्याचं स्टेशन गावात नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. १८८८ मध्ये रूळ आले तेव्हा आगगाडी पवित्र शहराजवळ नको म्हणून ते दहा-बारा किलोमीटरवर कागानला केलं, ते आजही तिथेच आहे. पहाटेची गाडी असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवावी.

बुखाऱ्यात सगळे गट लाब-ए-हौजपाशी येऊन बसतात. १६२० सालचा तलाव, भोवती जुनी तुतीची झाडं, चहा, फोटो. या तलावाकडे महाराष्ट्रातल्या माणसाने जरा वेगळ्या नजरेने पाहावं. पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या त्या दगडी पायऱ्या आपल्या पायविहिरीसारख्याच आहेत आणि त्यांनी आजारही तोच दिला: नारू. शहरभर असे अनेक हौज होते. पायाला फोड आलेला माणूस पाण्यात उतरला की जंत पाण्यात पिल्लं सोडायचा, ती सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात जायची, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर जंत तयार. बुखाऱ्याचे न्हावी तो काडीला गुंडाळत हळूहळू बाहेर काढत. तुटला की जखम चिघळायची. सोव्हिएत काळात डॉ. लिओनिद इसायेव यांनी हौज उपसायला, बुजवायला आणि पाणी नळाने द्यायला लावून १९३१ च्या सुमारास रोग संपवला. आपल्याकडे पायविहिरी बंद करून आणि पाणी गाळून हेच केलं. भारत नारूमुक्त जाहीर व्हायला २००० साल उजाडलं. बुखाऱ्यात आज हौज इतके कमी का, याचं हे खरं कारण आहे, आणि गाइड ते आपणहून क्वचितच सांगतो.

कल्याण मिनार ११२७ चा, ४६ मीटरच्या आसपास. नुसत्या भाजलेल्या विटांचा. पट्ट्यापट्ट्याने नक्षी बदलते, वरच्या बाजूला निळ्या झिलईचा एक बारीक पट्टा आहे. १९२० मध्ये बोल्शेविक सेनापती फ्रुंझेच्या लाल सैन्याने शहरावर तोफा डागल्या त्यात त्याला मार बसला. दुरुस्तीचे ठिगळ दुर्बिणीतून ओळखू येतात. सामानी राजांची कबर त्याहून दोनशे वर्षं जुनी आणि माझ्या मते साऱ्या प्रवासातली सर्वांत देखणी इमारत. रंगाचा एक ठिपका नाही. विटा उभ्या, आडव्या, तिरक्या लावून चटईसारखी वीण केली आहे. ऊन तिरकं असताना सावल्या त्या विणीत शिरतात, म्हणून सकाळी आठ किंवा मावळतीला जावं. भर दुपारी तीच भिंत सपाट दिसते आणि लोक पाच मिनिटांत परत फिरतात.

खरेदी बुखाऱ्यातच करावी, पण जपून. सुझनी म्हणजे भरतकामाची मोठी चादर. हाताची की मशिनची, हे उलट बाजूने कळतं: मशिनचे टाके एकसारखे, ओळीत, हाताच्या टाक्यांत गाठी आणि कमीजास्त ताण. जुन्या पद्धतीत अरुंद पट्टे आधी टाचून त्यावर नक्षी रेखायचे, मग सुटे करून घरातल्या वेगवेगळ्या बायका भरायच्या आणि पुन्हा जोडायच्या. म्हणून जोडावर फुलांचा रंग किंवा रेष किंचित चुकलेली असते. हा दोष नाही, ओळख आहे. इकतमध्ये अद्रस म्हणजे रेशमी ताणा आणि सुती बाणा, अटलस म्हणजे दोन्ही रेशमी. दुकानदार दोघांनाही ‘रेशीम’च म्हणतो. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा ‘आजीची सुझनी आहे’ हे वाक्य ऐकलं की पावती आणि नवी असल्याचा कागद मागावा. चोचीच्या आकाराच्या कात्र्या घेतल्या तर चेक-इन सामानात टाकाव्यात.

बुखारा ते समरकंद अफ्रोसियोब या वेगवान गाडीने दीड-दोन तास. तिकिटं आठवड्यांआधीच संपतात, म्हणून टूर ठरवताना ‘अफ्रोसियोब की साधी गाडी’ हे लेखी घ्यावं. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘ट्रेन’ लिहून नंतर संथ गाडी माथी मारतात.

समरकंद भाव खाऊन जातं, यात शंका नाही. रेगिस्तान या मुख्य चौकातल्या तीन मदरशांत तैमूरचा नातू आणि खगोलप्रेमी राजा उलुगबेग याचा १४१७-२० चा, शेर-दोर १६१९-३६ चा, तिल्या-कारी १६४६-६० चा. पण इथे गाइडला एकच प्रश्न विचारत राहावा: हे पुन्हा कधी बांधलं? उलुगबेग मदरशाचा झुकलेला मिनार १९३२ मध्ये अभियंता शुखोव यांच्या योजनेनुसार सरळ केला. तिल्या-कारीचा निळा घुमट १७ व्या शतकात पुरा झालाच नव्हता, तो १९७० च्या दशकात चढवला. बीबी खानम मशीद तैमूरने दिल्ली लुटल्यानंतर १३९९ मध्ये सुरू केली. बाबराने हिंदुस्थानातून आणलेल्या पाथरवटांचा उल्लेख केला आहे. तिचा उरलासुरला भाग १८९७ च्या भूकंपात ढासळला आणि आज दिसतं ते बरंचसं गेल्या पन्नास वर्षांतलं. हे कळल्यावर मजा कमी होत नाही, फक्त कॅमेरा कुठे रोखायचा ते कळतं.

शाह-ए-झिंदाला म्हणूनच दोन तास ठेवावेत. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना कबरी, आणि कौलांच्या सगळ्या पद्धती शेजारी शेजारी. शादी मुल्क आका हिच्या १३७२ च्या कबरीत ओली माती कोरून मग तिला झिलई दिली आहे. बोटाच्या पेराएवढी खोली आहे त्यात, आणि काम बहुतांशी मूळचं. थोडं पुढे कापीव मोझेक: प्रत्येक रंगाचं कौल वेगळं, त्या रंगाला लागेल तेवढ्या आचेवर भाजायचं, मग छिन्नीने तुकडे कापून जुळवायचे. वेळखाऊ, पण निळा रंग इतका गडद त्यामुळेच. तिसरी पद्धत एकाच फरशीवर सगळे रंग काढून एकदाच भाजण्याची. स्वस्त आणि झटपट, पण आच सगळ्यांना एकच मिळाल्याने रंग जरा फिके आणि कडांशी पसरलेले. शेर-दोरच्या दर्शनी भागावरचे वाघ पाहताना हा फरक आठवावा. गट साधारण दहाला येतात. उघडताच गेलं तर तासभर शांतता मिळते.

उलुगबेगची वेधशाळा बहुतेक जण पंधरा मिनिटांत उरकतात, कारण वर काही उरलेलं नाही. जमिनीत खोदलेली संगमरवरी कमान तेवढी शिल्लक आहे, ४० मीटर त्रिज्येच्या यंत्राचा खालचा तुकडा, जो १९०८ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञ व्यात्किन यांना सापडला. त्यावरून १०१८ ताऱ्यांची सारणी बनली आणि नाक्षत्र वर्षाची (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षाची) लांबी मिनिटाच्या आत चूक राहील इतकी अचूक निघाली. सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारताना याच परंपरेचा आधार घेतला. उज्जैनची वेधशाळा पाहिलेल्या माणसाला ही कमान पाहताच यंत्र कसं चालत असेल ते उमजतं.

जेवणाबद्दल. पुलाव दुपारचा पदार्थ, मोठ्या कढईत सकाळी लागतो आणि दीडनंतर तळाशी गेलेला असतो. चरबी किंवा तेल, कांदा, मांस, तांदळाच्या बरोबरीने गाजर, जिरं, अख्खे लसणाचे गड्डे, मग तांदूळ. समरकंदला तो ढवळत नाहीत, थर तसेच ताटात येतात. शाकाहाऱ्यांनी ‘मांस काढून द्या’ म्हणू नये, भात चरबीतच शिजलेला असतो. भोपळ्याच्या समोशातही अनेकदा मेंढीच्या शेपटीची चरबी घालतात, विचारूनच घ्यावा. टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, गरम नान, दही, सुकामेवा आणि फळं यांवर सुखाने निभावतं. मेतकुटाची पुडी बरोबर असली की जास्तच. नान ताटात उलटा ठेवू नये, ते अपमानकारक मानतात.

ताश्कंदला शेवटचा दिवस ठेवावा. १९६६ च्या भूकंपानंतर शहर जवळजवळ नव्याने बांधलं गेलं, तेव्हा जुनं शोधण्यापेक्षा मेट्रोत फिरावं: कोस्मोनावत्लार आणि अलिशेर नवोई ही स्टेशनं तरी उतरून पाहावीत. फोटोंवरची बंदी २०१८ मध्ये उठली. शास्त्रीजींचा पुतळा त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. १० जानेवारी १९६६ च्या करारावेळी संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही या शहरात होते; मराठी गटाने गाइडला सांगून हा थांबा कार्यक्रमात घालून घ्यावा, बहुतेक पत्रिकांत तो नसतो. शहरात मुख्य रेल्वे स्टेशनं दोन आहेत, उत्तर आणि दक्षिण. तिकिटावरचं नाव चालकाला दाखवूनच निघावं. आणि प्रत्येक हॉटेलने दिलेली नोंदणीची चिठ्ठी विमानतळावर पासपोर्ट नियंत्रण पार होईपर्यंत टाकू नये.