नऊ हजार सहाशे चोवीस

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

दुपारी चहा होत होता तेवढ्यात नवऱ्याने लॅपटॉप ओट्यावरच आणून ठेवला. "बघ. महिन्याला जवळपास सात हजार वाचतात." मी म्हटलं, आधी दूध उतू जातंय ते बघते.

नवऱ्याची बढती आली आहे. दोन वर्षं वाट बघून आली, आणि येताना नाशिकची बदली घेऊन आली. होकार-नकार १० तारखेच्या बुधवारपर्यंत लेखी द्यायचा. नाकारली तर वर्षभर पुन्हा नाव काढायचं नाही. म्हणून गेले चार दिवस आमच्या घरात एक्सेल उघडंच आहे. डाव्या बाजूला ठाणे, उजव्या बाजूला नाशिक.

मला सगळ्यात मजा वाटली ती वरच्याच ओळीची. मी समजत होते की गाव बदललं की खर्च बदलतो. केंद्र सरकारी नोकरीत त्याआधी पगारच बदलतो. आत्ता मूळ वेतन ५०,५०० आहे. बढतीने ते ५२,००० होईल. पण घरभाडे भत्त्याच्या यादीत ठाणे बृहन्मुंबईच्या पोटात येतं, म्हणजे एक्स वर्ग, ३० टक्के. नाशिक वाय वर्गात, २० टक्के. आणि प्रवास भत्ता मुंबईत ३,६०० अधिक त्यावरचा महागाई भत्ता, नाशिकला बरोबर निम्मा. महागाई भत्ता सध्याचा ५८ टक्के धरून मी कागदावर पुन्हा आकडेमोड केली, कारण माझा एक्सेलवर विश्वास आहे पण नवऱ्याच्या एक्सेलवर नाही. इथे एकूण १,००,६२८. तिथे बढतीसकट ९५,४०४. म्हणजे साहेब मोठे होणार आणि दरमहा ५,२२४ रुपये कमी आणणार. आई (सासूबाई) म्हणाल्या, "मग पेढे कशाचे आणायचे?"

हा खड्डा भरून काढतं ते घरभाडं. चरईत आमचं एक बेडरूमचं घर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, २५,०००. दर अकरा महिन्यांनी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, आम्ही अंगठे लावतो आणि भाडं हजार-दीड हजारांनी वर जातं. नाशिकला इंदिरानगरात माझी मावशी राहते, तिच्याच गल्लीत दोन बेडरूमचं घर १४,००० ला आहे म्हणते. सरळ ११,००० ची बचत. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला येऊन थांबली, तेव्हापासून या गावात घराची किंमत स्टेशन किती मिनिटांवर यावरच ठरत असावी. आम्ही चालत बारा मिनिटांवर आहोत. त्या बारा मिनिटांचेच पैसे आम्ही देतो.

बाकीचा तक्ता मात्र वाचावा तितका सपाट होत गेला. मावशीला तिच्या किराणा बिलाचा फोटो पाठवायला सांगितलं होतं. माझं जांभळी नाक्याचं बिल शेजारी ठेवलं. तूरडाळ, शेंगदाणे, साखर, चहा, गोडेतेल. किलोमागे दोन रुपये इकडे, तीन रुपये तिकडे. साबण, टूथपेस्ट, पिशवीचं दूध यांवर भाव छापलेलाच असतो, त्याला कसारा घाटाच्या इकडे काय आणि तिकडे काय. गॅसचं तेच. इथे पाइपचा गॅस आहे, दोन महिन्यांनी बिल येतं. तिथे सिलिंडर, पण महिन्याची बेरीज जवळपास तेवढीच. फक्त नव्याने कनेक्शन घ्यायचं तर सिलिंडरमागे २,२०० डिपॉझिट आणि रेग्युलेटरचे २५०. दोन सिलिंडर म्हणजे ४,६५० एकदम.

भाजी स्वस्त, हे खरं. मावशीला फोनवर विचारलं, "मावशी, कोथिंबीर कितीला?"

"अगं, आज दहाला दोन जुड्या. आणि तुमच्याकडे जाते ती इथलीच असते हं. रात्री गाडीत बसते न् सकाळी तुमच्याकडे महाग होऊन उतरते."

"मग तुझा भाजीचा खर्च किती येतो?"

"तुझ्याएवढाच येत असेल. स्वस्त दिसलं की दोन किलो घेते. मग मेथी वाळवते, टोमॅटो वाटून ठेवते, अर्धं फेकते."

तरी मी भाजीत थोडे वाचतील असं धरलं. मी मावशी नाही. (आणखी दहा वर्षांनी असेन.)

२ डिसेंबर, मंगळवार

विजेचं आज कळलं. नवऱ्याने वीज "नाशिकला स्वस्त" म्हणून ५०० कमी धरली होती. का, तर लहान शहर! दोन्हीकडे महावितरणच, दर तेच, शंभर आणि तीनशे युनिटचे टप्पेही तेच. बदलतो तो वापर. आमच्याकडे मेमध्ये एसीमुळे तीनशेचा टप्पा ओलांडला जातो आणि बिल एकदम अंगावर येतं. मावशीकडे कूलर आहे, पण डिसेंबर-जानेवारीत चार माणसांच्या अंघोळीला गिझर. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ३०० वाचतील, जास्त नाही. ५०० खोडून ३०० लिहिले.

मग लक्षात आलं की त्याने शाळेची व्हॅन धरलेलीच नाही. इथे लेक चालत जाते. तिथे बरी अनुदानित मराठी शाळा मावशीच्या घरापासून पाच किलोमीटरवर आहे, व्हॅनचे १,४०० सांगितले. आणि महिन्यातून एकदा आम्ही दोघी-तिघी इकडे येणारच, माझे आईबाबा डोंबिवलीला आहेत, त्याचे हजार. जवळपास सात हजारांचे राहिले ४,३७६. बरं, तरी वाचतातच.

हे सगळं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत करत होते. नौपाड्यातल्या एका सीएकडे मी अर्धा दिवस अकाउंट्सचं काम करते, गेली सहा वर्षं. समोर एका हार्डवेअरवाल्याचं खातं उघडं होतं, त्याच्या जमेच्या बाजूला एक रक्कम सापडत नव्हती, आणि मी ती शोधत असताना मधेच हात थांबला.

नवऱ्याच्या तक्त्यात मीच सापडत नव्हते.

माझा पगार १४,०००. तो तक्त्यात ठाण्याखालीही नाही आणि नाशिकखालीही नाही. बरोबरच आहे म्हणा, दोन्हीकडे शून्य धरलं की फरक शून्यच येतो. पण त्यातून जे खर्च होतं ते सगळं तक्त्यात आहे. लेकीच्या क्लासची फी आहे. आईंची बीपीची आणि गुडघ्याची औषधं आहेत. भांडी-लादीवाल्या ताईंचे १,८०० आहेत, तिथे १,२०० होतील म्हणून ६०० वाचवलेही आहेत. खर्च जागच्या जागी, जमा गायब. असं खातं कोणी माझ्याकडे आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

घरी येऊन शांतपणे विचारलं. शांतपणे हा शब्द नवऱ्याला मान्य नाही.

"अगं, मी तुझे पैसे कधी धरतच नाही. ते तुझेच आहेत ना."

"माझे आहेत तर वाण्याकडे कसे जातात?"

"आणि तू तिथे काहीतरी शोधशीलच की."

काहीतरी! सहा वर्षांपूर्वी हे "काहीतरी" शोधायला मला सात महिने लागले होते. शाळा सुटायच्या आत घरी पोचता आलं पाहिजे, लोकलला लोंबकळायचं नाही, रिटर्न भरायच्या मोसमात रात्री आठपर्यंत थांबायचं आणि एरवी दीडला निघायचं, हे सगळं एका ठिकाणी जमायला.

मी वहीत तिसरा रकाना आखला. ४,३७६ मधून १४,००० गेले. उणे ९,६२४. म्हणजे मला नाशिकला ९,६२४ रुपयांची नोकरी लागली तर आम्ही आत्ता आहोत तिथेच राहू. बढती घेऊन, घर मोठं करून, जागच्या जागी.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मी एकटा गेलो तर?" तोही हिशेब केला. खोली ६,०००, खानावळीचा डबा, शनिवार-रविवारची ये-जा, आणि इथलं भाडं तसंच. पाच मिनिटांत पान उलटलं. त्याच्या ऑफिसातले एकजण पंचवटी एक्स्प्रेसच्या पासवर रोज नाशिक-मुंबई करायचे, त्यांचं नाव निघालं. त्यावर आई एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाच्या पोरांना विचार."

७ डिसेंबर, रविवार

काल नाशिकला जाऊन आलो, तिघंच. लेक आईंजवळ राहिली... असं लिहिलं आणि आता हसू येतंय. तिघं म्हणजे मी, नवरा आणि माझी वही.

कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन लागलं. लहानपणी मावशीकडे जाताना मी आणि भाऊ तो धक्का बसायची वाट बघायचो. इगतपुरीला खिडकीतून आलेली हवा इतकी गार होती की नवरा लगेच म्हणाला, "बघ, एसीचे पैसे." तो आता प्रत्येक गोष्टीत पैसे बघतो. मीच लावलंय त्याला हे.

घर चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. दोन्ही खोल्यांना खिडक्या, मागे कपडे वाळत घालायला गॅलरी, आणि स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना न ढकलता उभी राहू शकतात. मी ओट्याशी उगाच उभी राहून पाहिलं. मालकांना अनामत ३०,००० हवी, एजंटला एक महिन्याचं भाडं. कराराची नोंदणी हजार रुपये, मुद्रांक चारशेच्या आसपास. सामानाच्या ट्रकचे पैसे सरकार वेगळे देतं, आणि बदलीचे एकरकमी मूळ वेतनाच्या ८० टक्के, म्हणजे ४०,४००. त्यातून हे सगळं पुरतं निघणारही नाही, मग दुसऱ्या गाडीसाठी काही उरायचा प्रश्नच नाही. कारण दुसरी गाडी लागणारच. त्याचं ऑफिस नाशिकरोडला, इंदिरानगरहून रोजचे सोळा-सतरा किलोमीटर, तो आमची ॲक्टिव्हा घेऊन जाणार. मला पायी जाण्यासारखं तिथे देऊळ आणि किराणा दुकान, एवढंच.

बसस्टॉपवर पंधरा मिनिटं उभे राहिलो, मग रिक्षा केली. ठाण्यात मीटर २६ वर पडतो, कुरकुर करत का होईना पडतो. तिथे रिक्षावाल्याला "मीटर?" विचारलं तर त्याने आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. "मुंबईहून आला का?" ठाण्याहून म्हटलं तर म्हणाला, तेच ते. घरभाडे भत्त्याच्या यादीवालेही हेच म्हणतात.

गावात सिंहस्थाची कामं सुरू आहेत. २०२७ चा कुंभ जवळ येतोय. मावशीच्या मते भाडी आत्ता ठरवून टाकलेली बरी, पुढे वाढतील. मावशीच्या मते सगळंच आत्ता ठरवून टाकलेलं बरं. तिने मला न विचारता दोन ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता. एक कॉलेज रोडचे सीए, पूर्ण दिवस, १३,०००, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा. दुसरे द्वारका चौकाजवळचे, अर्धा दिवस, ८,०००. दुसऱ्यांकडे जाऊन बसले दहा मिनिटं. माणूस सभ्य वाटला. जीएसटीचं काम येतं का, टॅली येतं का, मुलं किती मोठी, एवढंच विचारलं. आठावर दोन वाढवा असं मी म्हणू शकले असते. जीभ उचलली नाही. इथे सहा वर्षांपूर्वी सहा हजारांवर सुरुवात केली होती, चौदापर्यंत यायला दरवर्षी एकदा तोंड उघडावं लागलं आणि दरवर्षी आदल्या रात्री झोप आली नाही. ते सगळं पहिल्यापासून.

परत येताना गाडीत वही उघडली. ८,००० धरले तर दरमहा १,६२४ रुपये कमी पडतात. नवरा म्हणाला, "सोळाशेच ना?" म्हटलं, हो, सोळाशेच. दोन खिडक्या जास्त, गार हवा, बढती, सोळाशे रुपये आणि माझी पहिल्यापासून सुरुवात. तो म्हणाला, शेवटचं कशात मांडायचं? मला एक्सेलमधला रकाना सुचला नाही. तो मात्र या वेळी गप्प बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "नकार दिला तर मला वाईट वाटेल. पण तुझ्यावर नाही वाटणार." हेही लिहून ठेवते, पुढे लागेल.

घरी आलो तर लेक झोपलेली, आई जाग्या. त्यांना सगळं वाचून दाखवलं, किराण्यापासून सोळाशेपर्यंत. त्या चष्मा लावून स्वतः वही घेऊन बसल्या. बोट फिरवत फिरवत खाली आल्या, पान उलटलं, परत मागे गेल्या.

"मासळी कुठाय?"

मासळी नव्हती. मूळच्या अलिबागच्या बाईला आठवड्यातून दोनदा बोंबील किंवा मांदेली लागते, दर बुधवारी त्या स्वतः पिशवी घेऊन मार्केटला जातात, कोळणीशी वीस मिनिटं भांडतात आणि फुकटची दोन कोलंबी घेऊन येतात. नवऱ्याने हे कधी धरलं नाही हे समजण्यासारखं आहे, तो पातेलं उघडल्यावरच मासळीकडे बघतो. पण मीही धरलं नाही.

"तिथे मिळते, आई. बर्फातली येते."

"बर्फातली," त्या म्हणाल्या, आणि वही माझ्याकडे दिली.

नवी ओळ काढून "मासे" लिहिलं. ठाण्याखाली २,२००. नाशिकखाली उद्या मावशीला विचारून लिहीन. ती शाकाहारी आहे, पण शेजारच्यांना विचारेल.