पॅनेलच्या गाळ्यातून: आमची वाटचाल

मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही कंट्रोल पॅनेल, म्हणजे कारखान्यातल्या मशिनी चालवणारे विजेचे बोर्ड, बनवायचो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, मालही बहुतेक वेळा त्याचाच, आमचं काय ते वायरिंग आणि टेस्टिंग. जॉबवर्कमध्ये दर वाढवायला तोंड उघडलं की शेजारचा गाळा दोन पैसे कमी सांगून ऑर्डर उचलतो. आज आमची निम्मी कमाई पॅनेलमधून निघणाऱ्या माहितीवर आहे, आणि त्याची सुरुवात मुलांच्या एका मिनी प्रोजेक्टमधून झाली.

मुंबईत ख्रिस्ती संस्थांची इंजिनिअरिंग कॉलेजं बरीच आहेत: वांद्र्याचं आणि वाशीचं अग्नेल, कुर्ल्याचं डॉन बॉस्को, माहीमचं झेवियर, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस. त्यांतल्याच एका कॉलेजातून विचारणा आली. विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून मिनी प्रोजेक्ट होतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तयार प्रोजेक्ट आणून मार्क मिळवायची जुनी सोय सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजला ती नको होती, कारखान्यातली खरी अडचण हवी होती.

कॉलेजच्या फादरांनी आधी अटी सांगितल्या. मुलांना डिलिव्हरी आणि फायलिंगला जुंपायचं नाही, रविवारी बोलवायचं नाही, आणि आमच्या एका इंजिनिअरने दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बसायचं. या अटी जुन्याच आहेत, म्हणाले. सेंट जॉन बॉस्को या इटालियन धर्मगुरूंनी 1852 साली तुरिनमध्ये एका शिकाऊ मुलासाठी सुताराशी लेखी करार केला होता. मालकाने मुलाला धंद्याबाहेरचं काम सांगू नये, चुकला तर फक्त शब्दांनी समजवावं, सणावारी सुटी द्यावी, हे त्यात होतं. आम्हाला पटलं. फुकटचे हात म्हणून मुलं घेणारे कारखाने शेवटी फुकटातलंच काम पदरात पाडून घेतात.

तेवढ्यात लॉकडाऊन लागला. मग आम्ही गाळ्यातला एक एनर्जी मीटर (वीज मोजणारा) ईएसपी32 या छोट्या वायफाय बोर्डाला जोडून इंटरनेटवर टाकला आणि मुलांनी घरून काम सुरू केलं. अशा मीटरला मागे आकडे बाहेर पाठवणारा आरएस-485 पोर्ट असतो, पण आम्ही लावलेल्या बहुतेक पॅनेलमध्ये तो रिकामाच असायचा. मॉडबसवरून (मीटरशी बोलायची ठरलेली भाषा) वाचन घेताना व्होल्टेजचे आकडे अशक्य यायचे. वसईच्या एका मुलीने कारण शोधलं: 32 बिटांचा आकडा 16 बिटांच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे मीटरच्या आकडे ठेवायच्या खणांत, विभागलेला असतो, आणि आमच्या मीटरमध्ये त्यांचा क्रम उलटा होता. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये याचा उल्लेख नव्हता. आमच्या वायरमनने फोनवरून तिला सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) दिशा समजावली, तिने त्याला रजिस्टर समजावले.

एप्रिल 2020 पासून महावितरणने एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना केव्हीएएच बिलिंग, म्हणजे कामाला आलेल्या विजेऐवजी ओढलेल्या एकूण विजेचं बिल, लावल्यामुळे हे काम लगेच विकाऊ झालं. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामाला आलेला हिस्सा, 0.8 असेल तर 100 युनिट वापरासाठी 125 मोजले जातात. तो कुठल्या शिफ्टमध्ये पडतो हे मोबाइलवर दिसलं, की तो सुधारणारी कपॅसिटर बँक दुरुस्त करायला मालक स्वतः फोन करतो. भिवंडीच्या एका गिऱ्हाइकाने पहिलं युनिट घेतलं, मग त्याच्या ओळखीच्यांनी.

त्या बॅचमधले दोघं आता आमच्याकडे नोकरीला आहेत. यंदाच्या मुलांना हवेचा कॉम्प्रेसर दिलाय: सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असताना तो किती वेळा लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो, यावरून हवेची गळती काढायची. मीटर बसवून झालेत, रीडिंग यायला लागलीत.