काळ्या घोड्याला किती?

बडोद्यात पावसाने सलग दोन दिवस जोर धरला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: काळ्या घोड्याला किती? काळा घोडा म्हणजे सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा, आणि ‘किती’ म्हणजे त्याच्या जवळच्या पुलापाशी विश्वामित्री नदीचे पाणी किती फुटांवर आहे. २६ फूट ही धोक्याची पातळी हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस पाणी ३५ फुटांच्या वर चढले, तेव्हा समा भागातल्या आमच्या घरात ते शिरले होते. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरची गाळाची रेघ दोनदा रंग देऊनही दमट हवेत पुन्हा उमटते.

माझी मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स या गावी राहते. ती तिथून काळ्या घोड्याची चौकशी करते आणि मी इथे बसून तिच्या गावातल्या सीडर नदीची नोंद पाहतो. तिथे १२ फुटांनाच पूर समजतात हे वाचून मी तिला थट्टेने म्हणालो, की एवढ्या पाण्यात आमची विश्वामित्री कूसही बदलत नाही. त्यावर ती म्हणाली, "बाबा, फुटांवर जाऊ नका, शेजारचा रकाना वाचा."

शेजारच्या रकान्यात विसर्ग असतो, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहून जाते त्याचा आकडा, ज्याला आपण क्युसेक म्हणतो. पातळीचा शून्य प्रत्येक ठिकाणी सोयीनुसार ठरवलेला असल्यामुळे इथले २६ आणि तिथले १२ यांची तुलनाच होऊ शकत नाही. विसर्ग मात्र कुठेही विसर्गच असतो. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे कर्मचारी पात्राचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग मोजतात, त्यांच्या गुणाकारांची बेरीज करतात, आणि अशा अनेक मोजण्यांवरून अमुक पातळीला अमुक विसर्ग असा आलेख तयार करतात. पात्र खरवडले गेले किंवा गाळाने भरले की तो आलेख दुरुस्त करावा लागतो.

सीडर नदी मिनेसोटा राज्यात उगम पावते, आग्नेयेकडे वाहत आयोवात उतरते आणि पुढे आयोवा नदीला मिळते. काठावरच्या तांबड्या सीडर वृक्षांवरून तिला नाव पडले. सीडर रॅपिड्सपर्यंत तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला फार मोठा भाग मका-सोयाबीनच्या शेतांचा आहे. शेतांखाली निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या असल्याने जमिनीत मुरलेले पाणीही लवकर ओढ्यांना लागते. १८५१ आणि १९२९ साली पाणी २० फुटांपर्यंत चढले होते. १९६१ मध्ये ते १९.६६ फुटांवरच थांबले, तरीही ७३ हजार क्युसेकचा तेव्हाचा विसर्गाचा उच्चांक त्याच पुराच्या नावावर राहिला, यावरून मुलीचे म्हणणे मला खऱ्या अर्थाने पटले.

२००८ साली मात्र दोन्ही रकाने कोलमडले. हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला होता, वसंत ओला गेला, जमीन पाणी घेईना, आणि जूनमध्ये मुसळधार पाऊस झाला. १३ जूनला पातळी ३१.१२ फूट झाली आणि विसर्ग १ लाख ४० हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० लाख लिटर. तिथला एक रेल्वेपूल वाहून जाऊ नये म्हणून त्यावर मालगाडीच्या दगड भरलेल्या वाघिणी उभ्या केल्या होत्या. तो पूल वाघिणींसकट कोसळला. नदीच्या मधोमध मेज बेटावर उभे असलेले नगर-कार्यालयही पाण्यात गेले. नदीच्या पोटात कचेरी बांधण्याचे धाडस आपल्याकडे कुणी करणार नाही असे मी म्हणणार होतो, पण विश्वामित्रीच्या काठाने एक फेरी मारल्यावर गप्प बसलो.

जानेवारीत सीडर नदीच्या विसर्गाच्या रकान्यात कधीकधी आकडा नसतोच, नुसता ‘बर्फ’ असा शेरा असतो. गोठलेले पात्र पाण्याची वाट अडवते, त्यामुळे पातळी चढते पण प्रवाह वाढलेला नसतो, आणि आलेख निकामी ठरतो. अशा वेळी कर्मचारी बर्फाला भोके पाडून यंत्र खाली सोडतात. मुलीने पाठवलेल्या छायाचित्रात अशी भोके एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओळीने दिसतात आणि शेवटच्या भोकाशी एक माणूस गुडघ्यावर बसलेला आहे.