पावणेचारची जाग

सकाळी भाकरी थापायला बसलं की बोटं वळायची नाहीत. परातीत पीठ, चुलीवर आधणाचं पाणी आणि माझे हात लाकडासारखे. चांगला तासभर. दहा वाजता शाळेत खडू धरता यायचा, पण तोवर अर्धा जीव गेलेला असायचा.

तीन वर्षं मी हे ‘वात’ म्हणून अंगावर काढलं. निरगुडीच्या पाल्यानं शेकलं, एरंडेल चोळलं, गोळ्या खाऊन पित्त वाढवून घेतलं. नांदेडात तीन डॉक्टर झाले. संधिवाताच्या रक्ततपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही निगेटिव्ह, एक्स-रे बरा. अंगातली सूज दाखवणारा सीआरपी मात्र दर वेळी चढलेला, कधी १४, कधी १६. लॅबच्या कागदावर ‘५ पेक्षा कमी’ लिहिलेलं. एका डॉक्टरांनी फाइल परत सरकवली आणि म्हणाले, “मॅडम, टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे.” ते फार लागलं मला. त्या दिवशी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले.

मग २१ मार्च २०२४ आला. सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली. गल्लीत लोक बाहेर आले, थोडं बोलले, चहाला घरात गेले. मी अनवाणी विजेच्या खांबाला धरून उभी होते. “माय, माय” असं ओरडत होते म्हणे. नवऱ्यानं नंतर सांगितलं, मला आठवत नाही. पुढच्या महिनाभरात दोन्ही मनगटं सुजली.

छत्रपती संभाजीनगरच्या संधिवाततज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी झोपेचं विचारलं.

“पावणेचारला जाग येते.”

“कधीपासून?”

“१९९३ पासून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी किल्लारीजवळच्या एका गावची. २९ सप्टेंबरला गणपती बोळवले, गाव दमून झोपलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमची घरं म्हणजे चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मणामणाचं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर झोपलेल्या माणसांवर बसलं. मी अकरा वर्षांची, मायजवळ अंगणात होते. आजी आणि धाकटा भाऊ आत. नंतर पाऊस लागला. ढिगाऱ्यातल्या ओल्या मातीचा तो वास. पहिल्या पावसाला लोक मृद्गंध म्हणून खोल श्वास घेतात, मी आजही खिडक्या लावून घेते.

संधिवाताच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही संधिवाताची गोळी सुरू केली, डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. “मनाचं आहे म्हणून पाठवत नाही. सूज खरी आहे, रक्तात दिसतेय. तिला खतपाणी कुठून मिळतंय तेही बघू.” या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मानसोपचाराच्या बाईंनी पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, सांगितला आणि वहीत चित्र काढून समजावलं. धोका टळला तरी शरीर पहाऱ्यावरच राहतं. ॲड्रेनलिन वरचेवर सुटतं, त्यानं रोगप्रतिकारक पेशी चेततात, आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं वाढतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं. हा दाह आवरणारा ब्रेक म्हणजे कॉर्टिसॉल. मला वाटायचं ताणात तो वाढतच असणार. पण पीटीएसडीच्या बऱ्याच रुग्णांत तो उलट कमी सापडतो. वर झोप मोडली की दाहाला आणखी हवा मिळते.

मी विचारलं, “म्हणजे भूकंपानंच माझी बोटं आखडली?” त्या म्हणाल्या, असं एकट्या माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. स्वीडनमध्ये लाखाहून जास्त तणावग्रस्तांची नोंद तपासली, तेव्हा त्यांच्यात स्वतःच्या भावंडांपेक्षाही ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते, अधिक आढळले. तो अभ्यास २०१८ चा. पण अमेरिकेच्या मरीन सैनिकांत असंही दिसलं की लढाईवर जाण्याआधीच ज्यांचा सीआरपी जास्त, त्यांना नंतर पीटीएसडीची लक्षणं अधिक. म्हणजे वाट दोन्हीकडून आहे. मला हे प्रामाणिक उत्तर पटलं.

उपचार सोपा नव्हता. सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी, आणि दर आठवड्याला ती रात्र डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी सांगायची. मोबाइलवर रेकॉर्ड व्हायचं, ते घरी रोज ऐकायचं. पहिले तीन आठवडे त्रास वाढला, सोडून द्यावंसं वाटलं. सहाव्या वेळी तोंडातून निघालं की अंगणात डास चावतात म्हणून भाऊ कुरकुरत होता, आणि मीच त्याला म्हटलं होतं, “जा, आत आजीजवळ झोप.” तीस वर्षं हे मी कुणालाच, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थोड्या वेळानं विचारलं, “अकरा वर्षांच्या पोरीला काय माहीत असतं?”

आठ महिन्यांनी सीआरपी ६ आला. गोळ्यांनी, झोपेनं, संध्याकाळच्या चालण्यानं की बोलण्यानं, मी वाटणी करू शकत नाही. संधिवाताची गोळी चालूच आहे. गार दिवसात बोटं अजून धरतात. पावणेचारला अजूनही कधी कधी जाग येते, पण बहुतेक वेळा परत डोळा लागतो. उशाशी बॅटरी ठेवते. दाराला कडी मात्र लावते आता.

दिवाळीत माहेरी, पुनर्वसनातल्या घरी गेले, तेव्हा मायला हे सगळं सांगितलं. भावाचंही. ती बराच वेळ माझी बोटं दाबत राहिली. मग म्हणाली, “मला बी रोज त्याच टायमाला जाग येतीय. गुडघे, मनगटं, समदं ठणकतंय. मला वाटलं समद्यालाच होत असंल.”

सोमवारी तिला घेऊन जिल्हा रुग्णालयात जायचंय. केस पेपरला लागतं म्हणून तिनं आधार कार्ड आत्ताच पिशवीत घालून ठेवलंय.