दीडशे डिश पोहे आणि छाया नोंदवही

२०२४ च्या विधानसभेला कोल्हापुरातल्या एका उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. पैसा बेताचा होता आणि प्रचाराला विषय एकच धरला होता, घरखर्चाचा. अर्ज भरायची मुदत २९ ऑक्टोबरला संपली, माघारीची ४ नोव्हेंबरला, आणि मधे सगळी दिवाळी. मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे खरा प्रचार जेमतेम दोन आठवड्यांचा. फराळ नुकताच झालेला असल्यामुळे तेलाच्या पिशवीचा दर त्या दिवसांत घराघरांत तोंडपाठ होता.

तेल का चढलं होतं हे उमेदवाराला नीट सांगता यायलाच हवं होतं. केंद्राने १४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ वर गेलं. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा, हा त्यामागचा हेतू. पण सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याच्या खालीच होते. म्हणजे गिऱ्हाईक आणि शेतकरी दोघंही नाराज. अशा वेळी ‘निवडून आलो की तेल स्वस्त करतो’ असं बोलणारा उमेदवार लोकांना फसवतो, कारण आयात शुल्क विधानसभेत ठरत नाही. राज्याच्या हातात पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट असतो, विजेवरचं शुल्क असतं, रेशनचं वाटप असतं. आमच्या उमेदवाराने तेवढ्यावरच बोलायचं ठरवलं होतं आणि मला ते पटलेलं होतं.

पत्रक काढलं तेही त्याच शिस्तीने. चौघांच्या घराचा महिन्याचा किराणा, गेल्या दिवाळीचा दर आणि या दिवाळीचा दर. दोन्ही दर लक्ष्मीपुरीतल्या एकाच दुकानाच्या बिलांवरून घेतले, मालाचा दर्जा तोच, वजन तेच. तेलाच्या बाबतीत इथेच घोळ होतो. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं आणि डबा मात्र पंधरा किलोचा. एका दिवाळीचा दर लिटरचा आणि दुसऱ्या दिवाळीचा किलोचा छापला, तर सगळं पत्रक खोटं पडतं. बायका हे लगेच हेरतात. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत, ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांनिशी, छपाईच्या आधीच प्रेसवाल्याकडे द्यायचं. प्रती किती काढल्या तो आकडाही प्रेसवाल्याकडून लिहून घ्यायचा, कारण खर्च त्याच आकड्यावर लागतो.

आता त्या दिवसाचं. शिवाजी पेठेतल्या एका तालमीसमोर संध्याकाळी कोपरा सभा ठरली होती. दुपारी गल्लीतल्या बायकांनी निरोप धाडला, कार्यकर्त्यांचा नाष्टा आमच्याकडून. दारोदारी फिरून आलेली पोरं, त्यांना पोहे. मी वही घेऊन गेलो, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आक्का म्हणाल्या,

“आमच्या घरचं पोहं हाय, त्याला कसलं बिल लावताय?”

“बिल लावत नाही आक्का, नोंद करतोय. तुम्ही दिलंय ते लिहायला नको का?”

“मग लिवा. आन् लाडक्या बहिणीच्या दीड हजारातलं तेलात किती गेलं, ते बी लिवा की पत्रकावर.”

उमेदवाराच्या प्रचारासाठी कुणी फुकट काही दिलं, तरी तो खर्चच असतो. पैसे आपण दिले नाहीत एवढाच फरक, मोल धरावंच लागतं. रोजच्या खर्चाच्या नोंदवहीत, म्हणजे ‘अ’ भागाच्या पांढऱ्या पानांवर, त्यासाठी वेगळा रकानाच आहे: उमेदवाराने केलेला खर्च, पक्षाने केलेला आणि इतर व्यक्तींनी केलेला. ‘ब’ भाग गुलाबी, रोख रकमेचा. ‘क’ भाग पिवळा, बँकेचा. निवडणुकीसाठी वेगळं खातं अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी उघडावं लागतं आणि एका व्यक्तीला किंवा संस्थेला सगळ्या निवडणुकीत मिळून दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. पोह्यांना यातलं काहीच लागत नव्हतं, कारण पैसा हललाच नव्हता. त्यांची नोंद फक्त पांढऱ्या पानावर.

त्या बायकांतली एक बचत गटाची सचिव. तिच्या वहीत सगळं आधीच उतरवलेलं होतं: पोहे १३ किलो, तेल २ लिटर, कांदे ५ किलो, शेंगदाणे दीड किलो, मिरची-कोथिंबीर-लिंबू, कागदी डिश तीन पाकिटं. कुणी काय आणलं ते नावानिशी. मी पहिला प्रश्न हा विचारला, की हे गटाच्या खात्यातून आलंय का? गटाच्या खात्यात शासनाचा फिरता निधी असू शकतो, त्यातला एक रुपयाही प्रचारात नको. पण ते सगळं बायकांनी आपापल्या घरून आणलं होतं. मग ज्यांनी त्यांनी काय दिलं याच्या साध्या कागदावर सह्या घेतल्या. बेरीज २,२०० च्या आसपास, म्हणजे डिशमागे पंधरा रुपयांच्या आत. कोरडे पोहे डिशला पंच्याऐंशी-नव्वद ग्रॅम पडतात, त्यामुळे तेरा किलोंत दीडशेच होतात. हा हिशेब दुसऱ्या दिवशी फार कामाला आला.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. पोहे कार्यकर्त्यांनाच. सभेला आलेल्या मतदारांना खाऊ घातलं, तर ते आमिष ठरतं आणि भारतीय न्याय संहितेत खाणंपिणं घालण्यालाही लाच म्हटलंय. तिथे प्रश्न खर्चाचा राहत नाही, गुन्ह्याचा होतो. म्हणून नाष्टा सभेच्या आधी, तालमीच्या आतल्या खोलीत. गॅसकडेही बघितलं. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर प्रचाराच्या मुदपाकखान्यात चालत नाही आणि १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर १ नोव्हेंबरलाच ६२ रुपयांनी महागलं होतं. इथे बायकांनी चूल मांडली होती, तो विषय तिथेच संपला.

सभेला निवडणूक यंत्रणेचं चित्रीकरणाचं पथक आलं. ही मंडळी नुसतं भाषण टिपत नाहीत. खुर्च्या, व्यासपीठाचं माप, भोंगे, फलक, गाड्यांचे नंबर असं सगळं कॅमेऱ्यात घेतात. मग ते चित्रीकरण दुसरं पथक बघतं, यादी करतं, आणि जिल्ह्याच्या ठरलेल्या दरपत्रकाने त्याची किंमत छाया नोंदवहीत, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची यंत्रणा स्वतः ठेवते त्या समांतर वहीत, चढते. प्रचारकाळात निदान तीनदा आपली नोंदवही तपासणीला न्यावी लागते, आणि तिथे ती छाया नोंदवहीशी ताडून बघतात. म्हणून माझा एक माणूस नेहमी कॅमेऱ्याच्या मागे-मागे फिरून तेच मोजत असायचा. दुसऱ्या कुणाच्या मोजणीवर विसंबून हे काम होत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी. छाया नोंदवहीत खुर्च्या २५० आणि नाष्टा २५० डिश. आमच्याकडे खुर्च्या २००, डिश १५०. नाष्ट्याचा दरही दरपत्रकाचा, आमच्या पंधरा रुपयांहून बराच जास्त. अशी तफावत निघाली की नोटीस येते आणि ४८ तासांत लेखी उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं नाही तर त्यांचाच आकडा धरला जातो. मी तिथेच कागद मांडायला घेतले.

खुर्च्यांचं आधी. मंडपवाल्याचं चलन २०० खुर्च्यांचं होतं. चित्रीकरण परत लावून बघितलं, तर मागच्या रांगांतल्या खुर्च्यांच्या पाठीवर तालमीचं नाव रंगवलेलं स्पष्ट दिसत होतं. त्या पन्नास तालमीच्या. भाडं दिलं नव्हतं, पण वापरल्या होत्या, म्हणजे पोह्यांचाच न्याय त्यांनाही लागू. पन्नास खुर्च्या दरपत्रकाच्या दराने तालमीकडून मिळालेली मदत म्हणून ‘इतर’ रकान्यात चढवल्या आणि आकडा २५० ला जुळला.

डिशचं मात्र मी सोडलं नाही. पथकाने खुर्च्यांच्या संख्येवरून डिश धरल्या होत्या. मी तेरा किलो पोह्यांचं गणित सांगितलं, डिशच्या पाकिटांचं बिल दाखवलं, एका पाकिटात पन्नास, पाकिटं तीन. सचिवबाईंच्या वहीच्या पानाची प्रत जोडली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते पान बराच वेळ वाचलं. कोथिंबिरीच्या तीन जुड्या कुणी आणल्या, तेही त्यात होतं. १५० हा आकडा मान्य झाला. दर मात्र दरपत्रकाचाच लागला, आणि त्यावर मी वाद घातला नाही. घरात पंधरा रुपयांत होणारी डिश बाहेरच्या दराने धरली, तर खर्चमर्यादेतले काही रुपये जास्त जातात, पण सगळ्या उमेदवारांना एकच माप लागतं. छोट्या उमेदवाराला त्यातच संरक्षण आहे, असं माझं मत आहे. नाहीतर दुसऱ्याची मटणाची पंगतही ‘घरची’ म्हणून पाच-दहा रुपयांत दाखवली जाईल.

विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे, जानेवारी २०२२ पासून. आमचा आकडा तिच्या जवळपासही जाणार नव्हता. तरी ही झटापट करायची, कारण नोंदवहीतला फरक शेवटपर्यंत मिटला नाही तर तो निकालानंतर जिल्ह्याच्या समितीपुढे जातो. आणि हिशेब वेळेत किंवा ठरलेल्या पद्धतीने दिला नाही, तर त्याच कायद्याच्या, म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या, कलम १०अ प्रमाणे तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हरलेल्या उमेदवारालाही हे लागू आहे, आणि हरल्यावर कार्यालय रिकामं होतं, तेव्हाच हिशेब रखडतात.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे हिशेब २३ डिसेंबरच्या आत द्यायचा होता. मंडपवाला, प्रेसवाला आणि रिक्षांवर भोंगे लावणारा, या तिघांची पक्की बिलं निकालाच्या आधीच हातात घ्यावीत. नंतर त्यांना लग्नसराई लागते आणि एकेका सहीसाठी चार खेपा होतात. सगळी व्हाउचर अर्ज भरल्याच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंत क्रमाने लावायची, सोबत बँकेचा उतारा, गोषवारा आणि प्रतिज्ञापत्र. बायकांच्या सह्यांचा कागद मी मूळ प्रतीतच जोडला आणि झेरॉक्स त्यांच्या वहीत ठेवायला दिली.