दोन मीटर, एक विभाग

कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा सिंचन संस्थेची वीजबिलं त्या दिवशी तपासायला घेतली होती. जॅकवेलवर, म्हणजे नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीवर, 75 एचपीची (सुमारे 56 किलोवॅटची) मोटर, वर माळावरच्या दुसऱ्या टप्प्यावर तशीच आणखी एक. सचिव म्हणाले, "साहेब, बाहेरची सौरवीज घ्यायला 100 किलोवॅट भार लागतो. आमचं एक कनेक्शन 56 किलोवॅटचं. आम्ही त्यात बसत नाही."

खुला प्रवेश म्हणजे वीज कंपनीच्या तारांतून दुसऱ्या विक्रेत्याची वीज घेण्याची मुभा. 2022 च्या केंद्रीय हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी त्यासाठीची 1 मेगावॅटची अट 100 किलोवॅटवर आणली, इथवर त्यांना ठाऊक होतं. 2023 च्या दुरुस्तीनुसार वीज कंपनीच्या एकाच विद्युत विभागातल्या जोडण्यांची बेरीज चालते, हे पोचलं नव्हतं. बिलांवर उपविभाग वेगवेगळे, विभाग मात्र एक. 56 आणि 56, झाले 112. संस्था बसत होती!

मग पंपाचं लॉगबुक उघडलं आणि खरी अडचण समोर आली. मोटरींत वाया जाणारी वीज धरून दोन्ही मिळून लाइनवरून साधारण 120 किलोवॅट ओढतात. रोज 8 तास, महिन्यात 26 दिवस धरले तर जवळजवळ 25,000 युनिट. पण फीडरला, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या लाइनला, निम्मे दिवस रात्रीची पाळी. दिवसा तयार झालेली सौरवीज रात्री वापरायची तर ती 'बँकेत', म्हणजे वीज कंपनीकडे जमा, ठेवावी लागते. नियमांत बँकिंगची किमान हमी 30 टक्क्यांची आहे, आणि हा टक्का मोजायचा तो वीज कंपनीकडून घेतलेल्या मासिक युनिटांवर. निम्मीच वीज कंपनीची घेतली तर 12,500 चे 30 टक्के, म्हणजे 3,750 युनिट. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ते एकूण वापरावर टक्का लावतात.

पावसाळ्यात तर आणखी नुकसान. जुलैत पंप जवळपास बंद. हिशेब महिन्याचा, त्यामुळे उरलेली वीज पुढे जात नाही, बुडते. बदल्यात हरित ऊर्जेचं प्रमाणपत्र मिळतं ते सौरप्रकल्पवाल्याला. उन्हाळ्यात ऊस वाळतोय तेव्हा जुलैची वीज हाताशी नाही, हे मला फार खटकतं. शेतीपंपांना हंगामी बँकिंग हवंच.

शिवाय दर 15 मिनिटांची नोंद ठेवणारे मीटर दोन्ही ठिकाणी बसवावे लागतात. वहन आकार, म्हणजे तारा वापरण्याचं शुल्क, धरून सौरवीज जागेवर कितीला पडते, ते अनुदानित शेतीदराशी ताडून पाहायचं. विकणाऱ्याने सांगितलेल्या दरावर जायचं नाही.

अर्ज त्या दिवशी भरला नाही. आधी फीडरला दिवसाची पाळी मागणारं पत्र लिहिलं, सोबत मागच्या 12 महिन्यांचं लॉगबुक जोडलं.